गाठीचा पैसा आणि गहाणाचे घर

गहाणाच्या इतिहासात आपल्या समाजाचे नाव शोधू गेल्यास एक विलक्षण गोष्ट हाती लागते. कुणब्याची जमीन गहाण पडत होती. आपल्यापैकी बहुतेकांजवळ गहाण टाकण्यासारखेच काही नव्हते. हिमायतनगर म्हणजे जुने वाढोणा. पूर्वीच्या हदगाव तालुक्यातले, निजामाच्या राज्यातले गाव. अशा गावांच्या वेशीबाहेरची वस्ती ज्या जागेवर उभी असे, त्या जागेचा कागद वस्तीकडे नसे. कागद नाही म्हणून तारण नाही आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही. मग गहाण काय पडे? माणूस पडे. लग्नासाठी किंवा दुष्काळात उचललेल्या रकमेपोटी बाप सालगडी म्हणून राबे आणि बाप थकला की मुलगा त्याच दावणीला बांधला जाई. तेलंगणाकडे या पद्धतीला भगेला म्हणत. हैदराबाद सरकारने १९३६ साली भगेला करारांवर निर्बंध घालणारा कायदा केला खरा. पण कायद्याचा आधार घ्यायला आधी करार वाचता यावा लागतो. वेठबिगारी साऱ्या देशात कायद्याने रद्द व्हायला १९७६ साल उजाडले.

ज्यांच्याकडे इनामाचा किंवा कसण्याचा तुकडा होता, त्यांची कथा निराळी. पण सुखाची नव्हे. ताबेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जाई आणि तिचे पीक व्याजापोटी वळते होई. मुद्दल होते तेवढेच राही. दहा वर्षे गेली तरी शंभराचे शंभरच. अशा गहाणात थोडीथोडी रक्कम भरून काही साधत नसे. पुरे मुद्दल एकदम टाकले तरच जमीन सुटे. अर्धे पैसे दिल्याने अर्धी जमीन सुटत नसे. मुदतखरेदीत तर मुदत हुकली की विषयच संपला. शिवाय दिलेल्या पैशाची पावती कोण देणार? पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांची खतेच हिसकावून जाळली. त्यानंतर इंग्रज सरकारने १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा केला आणि पावती मागण्याचा हक्क दिला. तो कायदा निजामाच्या हद्दीत लागू नव्हता.

म्हणून आपल्या आज्यांनी गाठीचा पैसा सावकाराच्या वहीत भरला नाही. त्यांनी तो चांदीच्या वाळ्यांत, पितळेच्या भांड्यांत, शेळीत आणि लुगड्याच्या गाठीत बांधलेल्या हाली रुपयांत ठेवला. याला कोणी अडाणीपणा म्हणतात. मला तो हिशेबीपणा वाटतो. ज्या वहीत आपले भरलेले पैसे दिसणार नाहीत, त्या वहीत पैसे का भरावेत?

परंतु घरात ठेवलेल्या पैशाचीही एक कहाणी आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. छपराबरोबर कणगीतले धान्य गेले, पेटीतल्या नोटा गेल्या, शाळेचे दाखले गेले. घर हीच एकमेव ठेव असणे किती धोक्याचे आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आज वस्तीतली शिकलेली पिढी नांदेडला, लातूरला, पुण्याला गृहकर्ज काढून घर बांधते. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७७ साली घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी स्थापन झाली; तोवर हे दार बहुतेक पगारदारांनाही बंदच होते. आता प्रश्न असा पडतो की, गाठीला चार पैसे जमले तर ते कर्जात भरावेत की हाताशी ठेवावेत?

आकडा पाहू. २० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता सुमारे १८ हजार. पहिल्या महिन्यात त्यातले १५ हजार व्याजात जातात. सुरुवातीलाच ५ लाख भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर कर्ज सुमारे ११ वर्षांत फिटते आणि साडेचौदा लाखांच्या आसपास वाचतात. ताबेगहाणाहून हा व्यवहार मुळातच वेगळा आहे: येथे अर्धवट भरणाही मुद्दल खाली आणतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी भरण्याचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली. मात्र हप्ता कमी नको, मुदत कमी करा, असे लेखी द्यावे.

तरीही सगळी गाठ सोडू नये, असे माझे मत आहे. आपल्या नोकरदारामागे एकच घर नसते. गावाकडचे आईबाप, भावाची फी, बहिणीचे बाळंतपण असते. वडिलोपार्जित शेत नाही, आडवेळी उसने देणारा श्रीमंत मामा नाही. सहा महिन्यांचे हप्ते आणि एका दवाखान्याचा खर्च बाजूला ठेवून उरलेले भरावेत. काही बँका कर्जालाच जोडलेले खाते देतात. त्यात पैसे पडून असेपर्यंत तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरजेला ते काढताही येतात. व्याजदर थोडा जास्त पडला तरी आपल्यासारख्यांना हीच सोय अधिक मानवते.

कर्ज फिटल्यावर एक काम उरते. मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यावीत, विलंब झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद हाती आला की उताऱ्यावरचा बोजाही कमी करून घ्यावा, आणि तो उतारा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवावा.