डलेससाहेबांची केळी आणि आमचा 'प्रांत'

माझ्या लहानपणी आमच्या घरात एक नाव शिवीसारखे वापरले जाई. कोणी दिलेला शब्द फिरवला, कोणी तोंडावर गोड बोलून पाठीमागे भलतेच केले, की बाबा म्हणत, "हा आणखी एक डलेस!" डलेस म्हणजे पोर्तुगीज आमदानीतला कोणी माजोरी रेजेदोर असावा, असाच माझा कितीतरी वर्षे समज होता. हे गृहस्थ अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, हे मला शाळेत वरच्या वर्गात गेल्यावर कळले.

बाबांचा राग १९५५ सालचा होता. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर चारच महिन्यांनी, २ डिसेंबर १९५५ रोजी, जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्हा यांनी वॉशिंग्टनमध्ये एक संयुक्त पत्रक काढले. त्यात आमचा उल्लेख होता 'पोर्तुगीज प्रांत' असा. ६ डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत पुन्हा विचारले, तेव्हा डलेससाहेबांनी सांगितले की, आपल्या माहितीप्रमाणे सारे जग गोव्याला पोर्तुगीज प्रांतच मानते आणि तो सुमारे चारशे वर्षे पोर्तुगीजांकडेच आहे.

यातला 'प्रांत' हा शब्द लक्षात ठेवावा. तो सालाझारच्या कारखान्यात तयार झालेला माल होता. वसाहतींविरुद्ध जगभर वारे वाहू लागले, तेव्हा सालाझारने १९५१ साली घटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्दच पुसून टाकला आणि त्या जागी 'सागरापलीकडचा प्रांत' असे लिहिले. पाटी बदलली, दुकान तेच. जी अमेरिका स्वतः १७७६ साली वसाहतवादाविरुद्ध बंड करून जन्माला आली, तिच्या परराष्ट्रमंत्र्याने ही पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

बाबांची ठाम समजूत होती की, या माणसाचे गोव्याशी काही तरी वैर असले पाहिजे. ती मला पटत नसे, पण माझ्याकडे दुसरे उत्तरही नव्हते. ते सापडले पुष्कळ वर्षांनी आणि तेही भलत्याच ठिकाणी. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला नावाच्या छोट्या देशाचा इतिहास वाचताना.

ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट नावाची एक अमेरिकन कंपनी होती. स्थापना १८९९, मुख्यालय बोस्टन, धंदा केळ्यांचा. आपल्याकडे केळी म्हणजे कुळागरात पाटाच्या कडेने लावायचे झाड. तिथे केळी म्हणजे राज्य होते. देशातली सर्वांत मोठी जमीनदार ही कंपनीच. रेल्वे तिच्या ताब्यात, अटलांटिक किनाऱ्यावरचे पुएर्तो बार्रिओस हे बंदर तिच्या ताब्यात, तारायंत्रही तिच्याच हातात. लोक तिला 'एल पुल्पो', म्हणजे ऑक्टोपस म्हणत. सगळीकडे हात पोचलेला. १९३१ ते १९४४ पर्यंत तिथे होर्हे उबिको हा हुकूमशहा होता आणि कंपनीचे त्याच्याशी उत्तम जमत असे. १९४४ च्या क्रांतीत तो गेला, निवडणुका झाल्या. १९५० च्या निवडणुकीत हाकोबो आर्बेन्झ निवडून आले.

आर्बेन्झ यांनी १७ जून १९५२ रोजी जमीन सुधारणेचा कायदा केला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आणि १९६४ चा कूळ कायदा आठवणाऱ्या गोवेकराला तो समजावून सांगायला नको. उलट आपल्या कायद्यापेक्षा तो पुष्कळच सौम्य होता. मोठ्या मालकांची फक्त पडीक जमीन घ्यायची, तिची भरपाई २५ वर्षांच्या रोख्यांत ३ टक्के व्याजाने द्यायची आणि ती जमीन भूमिहीनांना वाटायची. स्वतः आर्बेन्झ यांच्या घरची जमीनही त्यात गेली. सुमारे एक लाख कुटुंबांना जमिनी मिळाल्या.

कंपनीकडे जवळजवळ साडेपाच लाख एकर होते आणि त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास पडीक. सरकारने भरपाईचा हिशेब कंपनीने स्वतः करासाठी जाहीर केलेल्या किमतीवरून केला. इथे खरी गंमत झाली. कर वाचवण्यासाठी कंपनीने वर्षानुवर्षे जमिनीची किंमत नाममात्र दाखवली होती! तिच्याच आकड्यांप्रमाणे एकरी सुमारे ३ डॉलर झाले, तेव्हा कंपनी एकरी ७५ डॉलर मागू लागली. (सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत एक किंमत आणि व्यवहारात दुसरी, ही कला आपल्याकडेही काही अनोळखी नाही. पण आपल्याकडच्या भाटकाराच्या बाजूने कोणी परराष्ट्रखाते उभे राहत नाही.) एप्रिल १९५४ मध्ये भरपाईची औपचारिक मागणी झाली ती १ कोटी ५८ लाख डॉलरची, आणि ती केली कंपनीने नव्हे, अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने.

हे खाते कोणाचे? डलेससाहेबांचे. मंत्री होण्यापूर्वी ते न्यूयॉर्कच्या ज्या सुलिव्हन अँड क्रॉमवेल या वकिली पेढीचे प्रमुख भागीदार होते, युनायटेड फ्रूट ही तिची अशील होती. त्यांचे धाकटे बंधू ॲलन डलेस त्याच पेढीतले, आणि १९५३ पासून ते सीआयएचे प्रमुख. लॅटिन अमेरिकेचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन कॅबट यांचे बंधू पूर्वी कंपनीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या खाजगी चिटणीस बाईंचे यजमान कंपनीचे प्रसिद्धीप्रमुख. परराष्ट्रखात्यातले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी बेडेल स्मिथ नोकरी सोडल्यावर थेट कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. सरकार कुठे संपते आणि कंपनी कुठे सुरू होते, हे दाखवायला दोहोंमध्ये एखादा मेरही शिल्लक राहिला नव्हता.

ऑगस्ट १९५३ मध्ये आयसेनहॉवर यांनी एका गुप्त मोहिमेला संमती दिली. खर्चासाठी २७ लाख डॉलर ठरले. कंपनीचे प्रसिद्धी सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी अमेरिकन पत्रकारांना ग्वाटेमालाच्या सहली घडवून 'कम्युनिस्ट आले'ची हाकाटी आधीपासूनच चालवली होती. १ मे १९५४ पासून 'मुक्तीचा आवाज' नावाचे रेडिओ केंद्र सुरू झाले. आपण ग्वाटेमालाच्या जंगलात लपलेले देशभक्त आहोत, असे निवेदक सांगत. प्रत्यक्षात कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत ते मायामीत. १८ जूनला कास्तियो आर्मास नावाचा निर्वासित कर्नल काहीशे माणसे घेऊन होंडुरासमधून आत आला. लढाईत ही फौज जवळपास सगळीकडे मारच खात होती. पण रेडिओवर ती दर तासाला पुढे सरकत होती! खुद्द अमेरिकाच मागे आहे, आज यांना हरवले तर उद्या तिचे सैन्य येईल, या धास्तीने ग्वाटेमालाच्या लष्करी अधिकाऱ्यांचे अवसान गळाले आणि २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला.

मधल्या काळात ग्वाटेमालाने युनोच्या सुरक्षा परिषदेत दाद मागितली होती. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षस्थान अमेरिकेकडेच होते. हा त्या देशाचा अंतर्गत मामला आहे, अशी भूमिका घेत अमेरिकेने २५ जूनला तो विषय चर्चेलाच येऊ दिला नाही. ३० जूनला डलेससाहेबांनी रेडिओवरून भाषण करून ग्वाटेमालाच्या लोकांनीच आपला प्रश्न सोडवल्याचे सांगितले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हे सारे निव्वळ केळ्यांसाठी झाले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. कम्युनिस्टांची धास्ती खोटी नव्हती. आर्बेन्झ यांच्या जवळच्या सल्लागारांत कम्युनिस्ट होते, आणि मे १९५४ मध्ये झेकोस्लोव्हाकियाची शस्त्रे घेऊन एक जहाज पुएर्तो बार्रिओसला लागले होते. शिवाय आर्बेन्झ गेल्यानंतर पाचच दिवसांनी अमेरिकेच्याच न्यायखात्याने युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. म्हणजे कंपनीने सरकार विकत घेतले, एवढाच मामला नव्हता. कंपनीचा फायदा, कम्युनिझमची भीती आणि देशाचे हित या तीन गोष्टी एकाच वर्तुळात उठबस करणाऱ्या माणसांच्या डोक्यात इतक्या एकजीव झाल्या होत्या की, त्यांना त्या वेगळ्या दिसतच नव्हत्या. मला हे लाचलुचपतीपेक्षा अधिक भयंकर वाटते. लाच घेणाऱ्याला निदान आपण लाच घेतो हे ठाऊक असते!

हे वाचल्यावर मला बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. डलेस यांचे गोव्याशी वैर नव्हतेच. गोवा त्यांच्या खिजगणतीतच नव्हता. ग्वाटेमालात जशी केळी, तशी पोर्तुगालकडे अझोर्स बेटे होती. अटलांटिक महासागरातल्या त्या बेटांवर अमेरिकेचा हवाई तळ होता, पोर्तुगाल 'नाटो'चा सभासद होता, आणि सालाझार कम्युनिस्टांचा कट्टर शत्रू. एवढ्या हिशेबापुढे आग्वादच्या तुरुंगात पडलेल्या गोवेकरांचे वजन ते किती? आपला कोणी द्वेष करतो हे माणूस सहन करू शकतो. आपण हिशेबातच नाही, हे कळणे जास्त बोचते.

गोष्ट इथे संपत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले, त्या दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या वतीने बोलायला ॲडलाय स्टीव्हन्सन उभे राहिले. विद्वान, सज्जन, उदारमतवादी माणूस. भारताने बळाचा वापर केला याबद्दल त्यांनी कठोर शब्द वापरले आणि युनोच्या मरणाने संपू शकणाऱ्या नाटकाचा हा पहिला अंक आहे, अशा अर्थाचा इशारा दिला. युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावाला सात मते पडली, चार विरोधात. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो फेटाळला गेला.

आता आठ महिने मागे जाऊ. १५ एप्रिल १९६१. क्युबाच्या विमानतळांवर बॉम्ब पडले आणि युनोत हेच स्टीव्हन्सन एका विमानाचे छायाचित्र उंचावून दाखवत होते. ही पाहा क्युबाच्या हवाई दलाची खूण, बॉम्ब टाकणारे त्यांच्याच दलातले बंडखोर आहेत! विमान सीआयएचे होते आणि खूण रंगवलेली होती. दोनच दिवसांनी क्युबाच्या किनाऱ्यावर निर्वासितांची जी फौज उतरली, तिला शिक्षण दिले गेले होते ग्वाटेमालात, म्हणजे आर्बेन्झ यांना हटवून मोकळ्या केलेल्या त्याच भूमीवर. स्टीव्हन्सन यांना त्यांच्याच सरकारने अंधारात ठेवले होते. खरे कळल्यावर ते संतापले, पण पदावर राहिले. आणि डिसेंबरात आम्हांला शांततेचा पाठ देताना तो एप्रिल त्यांना आठवला असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

टीका करताना आपणही आरशात पाहिले पाहिजे. जगाला अहिंसा शिकवणाऱ्या नेहरूंनी शेवटी सैन्य पाठवले, हा ढोंगीपणा नव्हे काय, असे तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रांनी विचारले. प्रश्न गैर नव्हता. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. भारताने जे केले ते उघड केले. सैनिकांच्या अंगावर भारताचा गणवेश होता, विमानांवर भारताची खूण होती, आणि आमचे प्रतिनिधी परिषदेत बसून त्याची जबाबदारी घेत होते. ज्याला दोष द्यायचा त्याला नाव ठाऊक होते. ग्वाटेमालाच्या शेतकऱ्याला हे भाग्य लाभले नाही. त्याची जमीन काढून कंपनीला परत दिली गेली, निरक्षरांचा मताधिकार गेला, १९६० ते १९९६ असे छत्तीस वर्षे यादवी युद्ध चालले आणि सुमारे दोन लाख माणसे मेली किंवा नाहीशी झाली. त्यातले बहुतेक माया आदिवासी.

अमेरिकेची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हे सारे आज आपल्याला कळते ते त्यांच्याच दप्तरातून. १९९७ साली सीआयएने या मोहिमेची सुमारे १,४०० पाने खुली केली. त्यात ठार मारायच्या माणसांच्या याद्या तयार केल्याचेही निघाले, फक्त नावे खोडलेली. १९९९ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन तिथल्या दडपशाहीला अमेरिकेने दिलेला पाठिंबा चूक होती, असे सांगितले. पण आर्बेन्झ १९७१ सालीच मेक्सिकोत परागंदा अवस्थेत वारले होते. त्यांच्या कुटुंबाची माफी त्यांच्या स्वतःच्या देशाने मागितली ती २०११ मध्ये. सत्य बाहेर येते हे खरे, पण ज्यांना त्याची गरज असते ते बहुधा तोवर थांबत नाहीत.

बाबाही ती पाने खुली होण्यापूर्वीच गेले. त्यांना ग्वाटेमाला ठाऊक नव्हते. पण चाळीस वर्षे चिकटवलेल्या एका शब्दावरून त्यांनी माणूस ओळखला होता. एखाद्या बड्या खुर्चीवरचा माणूस वसाहतीला 'प्रांत' म्हणू लागला, भाडोत्री फौजेला 'मुक्तीचा आवाज' म्हणू लागला, की अजूनही माझ्या तोंडून आपसूक निघते, "हा आणखी एक डलेस!" घरातली पोरे विचारतात, हा कोण? मी मग केळ्यांपासून सुरुवात करतो.