शेजाऱ्याची खिडकी

खासगीपणाची कल्पना आधुनिक काळाने दिली, असे आपण सहज म्हणून जातो. जुन्या भारतीय नगरांत मात्र तिचा तंटा खिडकीवरून होत असे. समोरच्या घरास उपद्रव होईल असे दार वा गवाक्ष ठेवणाऱ्यास कौटिलीय अर्थशास्त्रात दंड सांगितला आहे. राजमार्ग तेवढा अपवाद. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील कलम १८ च्या उदाहरणातही हीच नगररूढी आढळते : शेजाऱ्याच्या खासगीपणाचा भंग होईल अशी नवी खिडकी कोणी पाडू नये.

१८८८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे गोकल प्रसाद विरुद्ध राधो हा वाद आला. नव्या घराचा व्हरांडा व दारे यांतून शेजारच्या स्त्रियांच्या वावराची जागा दिसते, अशी तक्रार होती. रूढीने असा हक्क असू शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. गुजरातपुरता तो मुंबई उच्च न्यायालयाने आधीच मानला होता.

पण जपले जात होते ते काय? माझ्या मते, मुख्यतः घराण्याची अब्रू. त्या पडद्याआडच्या स्त्रीला घरातल्याच माणसांपासून एकांताची घटका मिळावी, हा प्रश्न या तंट्यात नव्हताच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला, तो घराचा नव्हे, व्यक्तीचा म्हणून.