आत्मघातकी हल्लेखोर : धर्मनिष्ठा व राष्ट्रनिष्ठा

युद्धात किंवा सशस्त्र संघर्षात स्वतःच्या मृत्यूलाच हल्ल्याचे साधन करणारी व्यक्ती. जगण्याची आशा नसतानाही लढून मरणारा योद्धा यात मोडत नाही. त्यामुळे नेसरीला (१६७४) बहलोलखानावर तुटून पडलेले प्रतापराव गुजर येथे विचारात घेतलेले नाहीत.

बुलढाणा जिल्ह्याला या प्रकाराची झळ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी बसली. जम्मू-श्रीनगर महामार्गावर लेथपोरा (पुलवामा) येथे स्फोटकांनी भरलेली मोटार केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आदळवण्यात आली. ४० जवान ठार झाले. त्यांत मलकापूरचे संजयसिंह राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांगऱ्याचे नितीन राठोड होते. हल्लेखोराच्या प्रेरणेची चर्चा करताना ही नावे आधी घेतली पाहिजेत. हल्लेखोर आदिल अहमद दार पुलवामा परिसरातलाच, विशीच्या आसपासचा. जैश-ए-महंमद या दहशतवादी संघटनेने त्याची आधीच चित्रित केलेली चित्रफीत प्रसृत केली. तिची भाषा धार्मिक आहे. आईवडिलांनी मात्र वार्ताहरांना सांगितले, की २०१६ मध्ये शाळेतून येताना सुरक्षा दलांनी त्याला मारहाण केली आणि नंतर तो बदलला. राष्ट्रीय तपास संस्थेचे आरोपपत्र (ऑगस्ट २०२०, सु. १३,५०० पृष्ठे, १९ आरोपी) कटाची सूत्रे पाकिस्तानातील म्होरक्यांपर्यंत नेते. अशा चित्रफिती संघटना स्वतःच्या प्रचारासाठी काढतात. त्यांवरून मरणाऱ्याच्या श्रद्धेचे माप काढणे धोक्याचे आहे.

हल्लेखोरांच्या मनोवृत्तीबद्दलची लेखी साधने सर्वांत विपुल आहेत ती जपानची. ऑक्टोबर १९४४ मध्ये लेयटेच्या लढाईत व्हाइस अॅडमिरल ओनिशी यांनी कामिकाझे (शत्रूच्या जहाजांवर विमानासह आदळणारी) पथके उभारली. सम्राट हा दैवी वंशाचा आणि राष्ट्राचाही प्रमुख. मेलेला सैनिक यासुकुनी देवस्थानात पूजला जाणार. तेथे धर्म आणि राष्ट्र वेगळे काढताच येत नाहीत. वैमानिकांत सक्तीने भरती केलेले विद्यापीठांतले विद्यार्थी बरेच होते. त्यांच्या उपलब्ध पत्रांत सम्राटाइतकीच आई येते, धाकट्या भावंडांची काळजी येते. सैन्यातली पत्रे तपासूनच बाहेर जात, हे वाचताना विसरू नये. ‘स्वेच्छे’बद्दल मतभेद आहेत, सोबत्यांसमोर नाव पुकारले गेल्यावर नकार देणे सोपे नव्हते. ओनिशी यांनी शरणागतीनंतर आत्महत्या केली.

श्रीलंका : तमिळ बंडखोरांचे आत्मघातकी पथक ‘ब्लॅक टायगर्स’ (१९८७ पासून). प्रेरणा तमिळ राष्ट्रवाद, धर्म गौण.

अभ्यासक रॉबर्ट पेप यांनी २००५ मध्ये परकीय लष्कराचा ताबा हे आत्मघातकी हल्ल्यांचे मुख्य कारण मानले. त्यांच्या नमुनानिवडीवर आक्षेप आहेत.