तोफ कुठे टांगायची?

सोसायटीतली मुलं माझ्या कपाटातली विमानांची मॉडेलं बघायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, सगळ्यात जास्त बंदुका कुठल्या विमानाला?" मी म्हणतो, बंदुका किती ते नंतर बघू, त्या बसवल्यात कुठे ते आधी बघा.

सायकलच्या हँडलला दोन्ही टोकांना भरलेल्या पिशव्या अडकवून कोपऱ्यावर वळलेल्यांना वेगळं सांगायला नको. विमानाचंही तसंच. वजन मधल्या धडात असेल तर विमान झटकन एका कुशीवर कलतं. तेच वजन पंखांत लांब गेलं की कलायला वेळ लागतो, आणि कलणं थांबवायलाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्पिटफायरच्या पातळ पंखांत आठ मशीनगन लांबवर विखुरलेल्या होत्या. हरिकेनच्या जाड पंखांत त्याच चार-चार एकमेकींना खेटून, म्हणून हरिकेनचा मारा जास्त स्थिर. पंखांतल्या बंदुका किंचित आत वळवाव्या लागत, म्हणजे गोळ्या पुढे एका ठिकाणी मिळत. हे अंतर आधी ४०० यार्ड होतं, लढून आलेल्या वैमानिकांनी ते २५० वर आणलं. अमेरिकन लाइटनिंगला ही कटकटच नव्हती. इंजिनं दोन बाजूंना, त्यामुळे नाक मोकळं, सगळ्या बंदुका तिथेच.

पण मला सगळ्यात चटका लावते ती जर्मन मेसरश्मिट १०९ ची गोष्ट. १९४१ च्या 'एफ' मॉडेलमध्ये पंखांतल्या तोफा काढून टाकल्या आणि एकच तोफ पंख्याच्या मधोमध, इंजिनातून डागायची सोय केली. विमान चपळ झालं. वेर्नर म्योल्डर्स खूश. अडोल्फ गालांड मात्र म्हणे, पट्टीच्या नेमबाजाला हे ठीक, साध्या वैमानिकाला एक तोफ पुरायची नाही. दोघांचंही बरोबरच होतं, हीच तर अडचण!

१९४३ मध्ये अमेरिकन बॉम्बर जर्मनीवर दिवसाढवळ्या येऊ लागले. एक बॉम्बर पाडायला २० मिमीचे सुमारे २० गोळे लागावे लागतात, असा जर्मनांचा हिशेब. मग 'जी' मॉडेलच्या दोन्ही पंखांखाली एकेक तोफ टांगली. नुसती तोफच ४२ किलोची, वर गोळे आणि आवरण वेगळं. बॉम्बरसमोर हे चाललं. पण विमानाचा वेग घटला, कलणं जड झालं. १९४४ च्या मार्चमध्ये बॉम्बरांच्या सोबतीला मस्टँग थेट बर्लिनपर्यंत पोचले, आणि हे बोजड विमान त्यांच्या तावडीत सापडू लागलं.

त्यावर तोड म्हणून जड विमानांनी बॉम्बरवर जायचं आणि हलक्या १०९ नी वर थांबून मस्टँगना अडवायचं, अशी विभागणी झाली. तोवर मुरलेले वैमानिक फार थोडे उरले होते. जादा पेट्रोलची टाकी संकटात हवेतच सोडून देता येई. पंखाखालच्या तोफा मात्र जमिनीवर उतरल्यावर मेकॅनिकनेच काढायच्या.