सेलवासचं बंदर आणि हेगमधला मराठी शब्द



2 ऑगस्टचा मुक्तिदिन जवळ आला की मला सासूबाई आठवतात. यांची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून 1996 साली आम्ही सेलवासला बिऱ्हाड केलं. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न, "अगं, हे नक्की कुणाचं गाव? पाट्या गुजराती, चर्च पोर्तुगीज, आणि भाजीवालीची बोली तर आपल्यासारखीच!" मला उत्तर देता आलं नाही. पुढे वाचत, विचारत जे कळलं ते लिहिते.

सेलवासला समुद्र नाही, पण त्याची गोष्ट बंदरापासूनच सुरू होते. दमणगंगेच्या मुखाशी असलेलं दमण पोर्तुगीजांनी 1559 मध्ये घेतलं. दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी दमण. इथली जहाजं मोझांबिकला जात. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू कराचीमार्गे दमणला येई आणि तिथून मकावला. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि तो धंदा बसला. वाणी, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती, मच्छीमार असे सगळे त्या एका बंदरात नांदत होते.

हीच दमणगंगा उगम पावते आपल्या नाशिक जिल्ह्यात, आणि समुद्राआधी तिला लागते नगर हवेली. हा मुलूख पेशवाईतला. 1779 च्या तहात मराठ्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. मराठी आरमाराने त्यांच्या 'सांताना' जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याची ही भरपाई असं सांगतात. 1783 ते 1785 मध्ये गावं त्यांच्या हाती आली. बंदर दमणला आणि त्याची गावं आत, मधे परका मुलूख. आधी मराठ्यांचा, मग इंग्रजांचा, मग भारताचा. 1885 मध्ये ठाणं सेलवासला आलं.

1954 चं आपल्याला ठाऊक असतं. 22 जुलैला दादरा, 2 ऑगस्टला सेलवास मुक्त झालं. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्या लढ्यात होते, हे मुलांना सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही. "गाणी करणारे फडके?" हो, तेच!

पण मला सगळ्यात भावली ती पुढची गोष्ट. दमणहून आत यायची वाट भारताने अडवली म्हणून पोर्तुगाल 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे 1779 च्या तहाचा कीस पडला. मराठ्यांनी गावं कायमची दिली, की नुसता वसूल? न्यायालयाने मानलं की तो सरंजाम होता, म्हणजे वसुलाचा हक्क, राज्य नव्हे. पुढे इंग्रजांनी मात्र तिथली पोर्तुगीज सत्ता चालवून घेतली. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. माणसं आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि हत्यारं नेण्याचा नव्हता, आणि भारताने काही चुकीचं केलेलं नाही. आपल्या बखरीतला 'सरंजाम' हा शब्द परदेशातल्या न्यायाधीशांनी तोलून पाहिला!

तोवर इथला कारभार वरिष्ठ पंचायत बघत होती. 11 ऑगस्ट 1961 ला हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला, त्याच डिसेंबरात दमणही मुक्त झालं. 2020 मध्ये दोन्ही मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. म्हणजे कारभारात तरी सेलवासला त्याचं बंदर परत मिळालं.

सीमा अशी कागदावर सरकत राहिली. आमच्या भाजीवालीचं माहेर तलासरीकडचं, सासर खानवेलकडे. तिच्या घरी रेघेच्या दोन्ही बाजूंना वारलीच बोलतात. तिचे सासरे दमणच्या वाटेवरच्या चौकीच्या गोष्टी सांगायचे. मी दर वेळी म्हणायचे, एकदा वही घेऊन बसू. गेल्या पावसाळ्यात ते गेले. वही कोरीच राहिली.

सासूबाईही आता नाहीत. त्यांना आज सांगितलं असतं, "आई, गाव इथे राहणाऱ्यांचं. आपण जरा उशिरा आलो, इतकंच."

तुमच्या घरी, शेजारी कुणी 1954 पाहिलेलं असेल तर या रविवारीच जाऊन बसा, आणि ऐकलेलं खाली लिहा. माझ्यासारखं "पुढच्या वेळी" म्हणू नका.