नायक आणि नेता : अमेरिकेतील कृष्णवर्णीय क्रीडापटू व गायक यांच्या सामाजिक ऋणाचा प्रश्न

मराठीतील ‘नायक’ आणि ‘नेता’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘नी’ या एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत. दोहोंचा मूळ अर्थ ‘पुढे नेणारा’ असाच आहे. व्यवहारात मात्र त्यांच्या वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या : नायकाकडे लोक कौतुकाने पाहतात, नेत्याच्या मागून चालतात व प्रसंगी त्याला जाबही विचारतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या विसाव्या शतकातील इतिहासात या दोन अर्थांची पुनः पुनः सरमिसळ झालेली आढळते. विख्यात क्रीडापटूने अथवा रॅप-गायकाने आपल्या समाजाचे पुढारीपण पत्करलेच पाहिजे काय, हा तेथील जुना वाद या सरमिसळीतूनच वाढला आहे. त्याचा निर्णय करण्यापूर्वी ही अपेक्षा कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, हे पाहणे अगत्याचे आहे.

यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ १८७७ मध्ये संपला आणि दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार क्रमाक्रमाने हिरावून घेतला. जॉर्ज व्हाइट यांची मुदत १९०१ मध्ये संपल्यावर १९२९ पर्यंत अमेरिकन काँग्रेसमध्ये त्या समाजाचा एकही प्रतिनिधी नव्हता. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये समाजोद्धाराचा भार ज्या ‘प्रज्ञावंत दशांशा’वर टाकला, त्यात उच्चशिक्षित वर्ग अभिप्रेत होता, मल्ल वा गवई नव्हेत. परंतु शिक्षिताला जेथे अधिकारपद मिळत नव्हते, तेथे मुष्टियोद्ध्याला निदान आखाडा तरी मिळत होता. जॅक जॉन्सन १९०८ मध्ये जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने जेम्स जेफ्रीज या गौरवर्णीय प्रतिस्पर्ध्यास हरविले, तेव्हा अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. एका मनुष्याच्या विजयाची किंमत सबंध समाजाला मोजावी लागली. ज्याच्या जयापजयाचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात, त्याच्यावर सर्वांचा हक्क आहे, अशी भावना रुजणे मग स्वाभाविकच होते. शिकागोतील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करणाऱ्या सेंट क्लेअर ड्रेक व होरेस केटन यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात ‘रेस मॅन’ व ‘रेस हीरो’ असे दोन लोकप्रचलित शब्द नोंदविले आहेत. पहिल्यात व्यक्तीने स्वतः घेतलेला वसा सूचित होतो. दुसरे पद समाज बहाल करतो. प्रस्तुत वादाचे मर्म या भेदात आहे.

हा भेद १९४९ मध्ये फार तीव्रतेने प्रत्ययास आला. पॉल रोबसन हे त्या पिढीतील असामान्य पुरुष होत. गुलामगिरीतून निसटलेल्या पित्याचे हे पुत्र रटगर्स महाविद्यालयाचे नामांकित फुटबॉलपटू, कोलंबियाचे कायद्याचे पदवीधर आणि जगद्विख्यात गायक-नट होते. व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णबंदी उठवावी म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये ते संघमालकांच्या सभेपुढे स्वतः जाऊन बोलले होते. पुढे १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या संघातून मैदानात उतरले व ती बंदी मोडली.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत रोबसन यांनी केलेल्या भाषणाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्यात सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीय भाग घेणार नाहीत, असे विधान त्यांच्या तोंडी घालण्यात आले होते. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्याचे खंडन करण्यास रॉबिन्सन यांना बोलाविले, आणि १८ जुलै रोजी त्यांनी साक्ष दिली. त्या साक्षीत वर्णभेदाचा स्पष्ट निषेधही होता. पण गाजावाजा झाला तो रोबसनविरोधी भागाचा. रोबसन यांनी मात्र रॉबिन्सन यांच्याशी भांडण मांडण्याचे नाकारले. १९५० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द करण्यात आले. ते १९५८ मध्ये परत मिळाले.

या प्रसंगी रॉबिन्सन यांच्याकडे पुढारीपण मागणारा त्यांचा समाज नव्हता. मागणी राज्यसत्तेची होती. बेसबॉलपटूला समाजाचा प्रवक्ता ठरविले की खऱ्या प्रवक्त्याला एकाकी पाडणे सोपे होते. रॉबिन्सन भित्रे होते असेही नव्हे. सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिल्यावरून १९४४ मध्ये त्यांच्यावर लष्करी खटला भरला गेला होता व ते निर्दोष सुटले होते. पुढे १९७२ च्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की, तसे निमंत्रण आता आले तर आपण ते नाकारू, आणि रोबसन यांच्याविषयीचा आपला आदर वाढला आहे.

याउलट मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी सैन्यभरतीस नकार दिला, तो कोणाच्या वतीने दिलेला कौल नव्हता. जगज्जेतेपद व ऐन उमेदीची तीन वर्षे गमावून त्यांनी आपल्या शब्दाची किंमत स्वतः भरली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा १९७१ मध्ये रद्द केली. मायकेल जॉर्डन यांनी १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील सिनेट-निवडणुकीत हार्वी गँट यांना जाहीर पाठिंबा देण्याचे टाळले व त्याबद्दल दीर्घकाळ टीका सोसली. परंतु मौन आणि आपल्याच माणसांविरुद्ध आपले नाव वापरू देणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

रॅप-गायकाचा प्रश्न काहीसा निराळा आहे. धावपटूचे कौशल्य त्याच्या देहाचे असते. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उदयास आलेल्या रॅपचे भांडवल मात्र वस्तीची बोली हेच आहे : तिचा ठेका, तिची यमके, तिच्या शिव्या आणि तिची दुःखे. त्यामुळे येथे ऋण अधिक प्रत्यक्ष आहे. केआरएस-वन व इतर गायकांनी १९८९ मध्ये वस्त्यांतील हिंसेविरुद्ध ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ हे गीत काढून त्याचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीगला दिले. उलट १९९० नंतरच्या काही वर्षांत नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या सी. डिलोरिस टकर यांनी रॅपमधील हिंसा व स्त्रीनिंदा यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा आम्ही पाहतो तेच सांगतो, असा बचाव गायकांच्या बाजूने झाला. वस्तीचे यथार्थ चित्रण ही त्या ऋणाची फेड असू शकते. वस्तीविषयी बाहेरच्या गिऱ्हाइकाला हवे असलेले चित्र विकणे ही फेड नव्हे.

डु बॉइस यांनीच १९४८ मध्ये आपल्या जुन्या सिद्धान्ताची फेरतपासणी केली. ज्ञानामागून त्याग आपोआप येईल हे आपले गृहीत चुकीचे होते, अशी कबुली त्यांनी दिली. जे विद्येविषयी खरे, ते कीर्तीविषयी अधिकच खरे आहे. नेतृत्वाला लोकांची संमती लागते आणि लोकांना ती काढून घेता यावी लागते. चेंडू टोलावण्याच्या कौशल्यातून अथवा गीताच्या खपातून तशी संमती सिद्ध होत नाही. म्हणून पुढारीपण हे क्रीडापटूचे वा गायकाचे देणे म्हणता येत नाही. परंतु ज्यांनी दार ठोठावले म्हणून ते आपल्यासाठी उघडले, त्यांच्याविरुद्ध आपली कीर्ती उसनी न देणे, हे देणे मात्र प्रत्येकाच्या माथी आहे. रॉबिन्सन यांना ते उमगावयास तेवीस वर्षे लागली, आणि ते त्यांनी लिहून ठेवले, यात त्यांचा मोठेपणा आहे.