महालातली आग आणि माझ्या दोन डिस्क

आजचा भाग महालातून. सुरुवात माझ्याच चुकीने करतो.

या पॉडकास्टसाठी मी आजोबांना बोलतं केलं होतं. जुन्या महालाच्या गोष्टी, चांगली चाळीस मिनिटं. रेकॉर्डिंग घरच्या दोन डिस्कच्या पेटीत होतं. एकीवर जे जाईल ते लगेच दुसरीवरही. म्हटलं, बॅकअप झाला! पुढे आजोबा गेले. आवाज ऐकायला पेटी उघडली, तर जागा मोकळी करताना मीच तो फोल्डर उडवलेला. दुसऱ्या डिस्कनेही तो इमानदारीने उडवला होता.

या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या. पण डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार, म्हणून थोडी जास्तीची माहिती ठेवायची. समजा एका डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर बेरीज, १२. पाचाची डिस्क मेली तरी १२ मधून ७ वजा केले की ५ परत मिळतात. डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, एवढंच रेडचं वचन. चुकून पुसलेलं, चोरी किंवा आग यावर तिच्याकडे इलाज नाही.

आगीवरून आठवलं. आपल्या महालात भोसल्यांचा राजवाडा होता. १८६४ साली तो जळाला, नगारखाना तेवढा उरला. त्या वाड्यातल्या कुठल्याही कागदाच्या दहा नकला काढून तिथेच ठेवल्या असत्या, तरी आग एकच होती ना!

तरी भोसल्यांचा पत्रव्यवहार आज वाचता येतो. का? कारण पुण्याला गेलेली पत्रं पेशवे दप्तरात राहिली. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ दरम्यान त्या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापून घेतले. त्यातला विसावा खंड नागपूरकर भोसल्यांचा आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात बॅकअप नव्हता, पण कागद दुसऱ्या गावात होता, म्हणून वाचला.

माझंही तसंच झालं. मी एक तुकडा अमरावतीच्या मावशीला पाठवला होता. तिच्या फोनमध्ये तो सापडला. चाळीसातली सहा मिनिटं. आता त्याच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक मावशीकडेच.

तुमच्या आजीचा आवाज कुठे कुठे आहे? आज रात्री एकदा बघाच.